सातवा मणका

शेपटी हातात आली, आणि फारच सहज आली. नाना काजळीला लगामाला धरून पुढे चालवत होते आणि मी तिच्या मागून, जरा बाजूने, शेपटी धरून चालत होते. चालत्या घोड्याची शेपटी एका बाजूला ओढून बघायची, ही आमच्या धंद्यातली जुनी परीक्षा. धडधाकट घोड्याला ती आवडत नाही. तुम्ही ओढलंत की तो अंग घट्ट करतो, उलट तुम्हालाच आपल्या बाजूला खेचतो, आणि कधी कधी मागे वळून असं बघतो की आपलीच आपल्याला लाज वाटावी. काजळी बघायचीच. ती मुळात मानी घोडी. त्या सकाळी मात्र बिजागरी सैल झालेलं दार बोट लावल्यावर येतं तशी तिची पाचशे किलोची मागची बाजू माझ्याकडे आली, मागचा डावा पाय उजव्याला अडखळला, आणि ती कशीबशी सावरली. मी शेपटी सोडून दिली. हाताला चटका बसावा तशी सोडली. "काय झालं, डॉक्टरीणबाई?" नानांनी विचारलं. नाना त्या तबेल्यातले सगळ्यांत जुने मोतद्दार, घोड्यांची देखभाल करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्याशी मी सहसा खोटं बोलत नाही, कारण त्यांना कळतं. "काही नाही," मी म्हटलं. "परत एकदा चालवा." परत एकदा चालवलं, परत तेच झालं, आणि मी परत काही नाही म्हटलं. जे घडायचं ते खरं तर तिथेच घडून गेलं होतं. पुढे दिवसभर मी त्याला कारणं शिवत बसले.

कुंपणापाशी दोघं उभी होती. काजळीचे मालक, म्हणजे दातांचे डॉक्टर, आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी. मी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणते, ते मला डॉक्टर म्हणतात, आणि तबेल्यात कुणी नुसतं "डॉक्टर" अशी हाक मारली की आम्ही दोघंही वळतो, हा आमचा जुना विनोद आहे. त्या दिवशी दोघंही हसलो नाही. मुलगी म्हणाली, "डॉक्टरकाकू, मंगळवारी एकदाच अडखळली हो ती. उडी मारून उतरली आणि मागचे पाय जणू मागेच राहिले. पण पडली नाही. मीपण नाही." हे शेवटचं तिने अभिमानाने सांगितलं. पंधरा दिवसांनी तिची स्पर्धा होती. मी म्हटलं, मागच्या पायांचा ताल चुकतोय, मूळ मानेत असू शकतं, मानेच्या मणक्यांतून जाणारी नस दबली की पायांना निरोप नीट पोचत नाही. एवढं मी बोलले, आणि ते अगदी खरं होतं. "मग एक्स-रे काढू या," डॉक्टरसाहेब म्हणाले. दातांचा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. आणि मी, त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत, म्हणाले, "एक्स-रेने फारसं कळणार नाही. आपण सोनोग्राफी करू. इथेच होईल. सांधा सुजलेला दिसला तर तिथल्या तिथे इंजेक्शनही देता येईल." किती पटकन म्हणाले मी. माझंच मला नवल वाटलं. तपासणी कुठली करायची यावर मी एरवी दहा वेळा विचार करते, मालकाला कंटाळा येईस्तोवर बोलते. तोवर उड्या बंद ठेवायला मात्र सांगितलं. मुलीने विचारलं, "नुसतं चालवलं तर?" मी म्हटलं, "बसू नकोस." तिने मान हलवली, पण तिचा चेहरा पडला, आणि मला तिच्याकडे बघवेना.

घरी जाताना बस आगाराला वळसा घालावा लागतो. तिथे सिग्नलला बरंच थांबावं लागतं आणि माणूस आपोआप विचार करतो, नको असला तरी. मी स्वतःला समजावत होते, आणि समजावायला काही कमी नव्हतं. घोड्याची मान म्हणजे काही मांजराची मान नाही, की उचलली आणि ठेवली यंत्राखाली. एमआरआयचं तोंड एवढंसं. घोड्याचं डोकं आत जातं, मान निम्मी जाते, आणि मग खांदे अडतात. बाहेर राहिलेल्या निम्म्या मानेतच नेमकं बहुतेकांचं दुखणं असतं. सीटी स्कॅनचं मोठ्या तोंडाचं मशीन आहे, त्यात सगळी मान मावते, पण त्यासाठी पुरती भूल द्यावी लागते. आणि भूल देणं सोपं. घोडं उठवणं अवघड. शुद्ध येते तेव्हा त्याला एकच कळतं, की आपण आडवे आहोत आणि आडवा घोडा म्हणजे मेलेला घोडा. गाद्या लावलेल्या त्या खोलीत एक तांबूस घोडा उठताना मी पाहिलाय. पहिल्यांदा उठला, पडला. दुसऱ्यांदा उठला, पडला. तिसऱ्यांदा पाय मोडल्याचा आवाज आम्ही दाराबाहेर ऐकला. मागच्या पायांत आधीच जोर नसलेल्या काजळीला त्या खोलीत घालायचं? राहता राहिला साधा एक्स-रे. घोडं उभं असतानाच काढता येतो, भूल लागत नाही, थोडं गुंगीचं औषध पुरतं. पण त्यात हाड दिसतं, नस दिसत नाही. आणि हाडं तर कितीतरी चांगल्या, धावत्या घोड्यांचीही वेडीवाकडी दिसतात. म्हणजे सोनोग्राफीच बरी. कारणं सगळी खरी होती. हाच तर त्रास होता. खोटी कारणं देणारा माणूस कधी ना कधी पकडला जातो. मी खरी कारणं देत होते, मला कोण पकडणार? मागच्या गाडीने भोंगा वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.

कारण दोन वर्षांपूर्वी काजळी विकत घ्यायच्या आधी तिची तपासणी मीच केली होती. उन्हाळ्याची दुपार होती, तबेल्याचे पत्रे तापले होते, आणि मी माझं उचलून न्यायचं एक्स-रे मशीन घेऊन सकाळपासून पाय, गुडघे, खूर असं करत करत मानेपर्यंत आले होते. पहिल्या दोन मणक्यांची फिल्म छान आली. मधल्यांचीही आली. घोड्याच्या मानेत मणके सातच, जिराफाइतके आणि आपल्याइतकेच. पण सातवा खांद्याच्या मांसात दडलेला असतो, आणि तिथवर पोचायला माझ्या मशीनला जोर पुरत नाही. पहिल्यांदा काढली, पांढरं धुकं आलं. दुसऱ्यांदा काढली, काजळी हलली. तिसऱ्यांदा सहावा मणका अर्धा आला आणि त्यापुढे फिल्मची चौकटच संपली. बॅटरीचा दिवा लाल झाला होता. डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात कुणी तरी तोंड उघडून खुर्चीत बसलेलं होतं, ते घड्याळाकडे बघत होते. आणि ती मुलगी, तेव्हा सतरा वर्षांची, काजळीच्या गळ्यात हात टाकून डोळे मिटून उभी होती, जणू घोडी घरी आलीच होती. मोठ्या इस्पितळात नेऊन ती एक फिल्म काढून घ्या, असं सांगायला हवं होतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मनात पाल चुकचुकली होती. मी तिला हुसकावली. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: मानेच्या सर्व मणक्यांच्या फिल्म समाधानकारक. सर्व हा शब्द लिहिताना पेन जरा अडलं होतं, हे मला आठवतं. का आठवतं? विसरण्यासारखं नसलं की असलंच काहीतरी बारीक आठवतं. आता एक्स-रे काढला आणि त्या शेवटच्या सांध्यात हाड वाढलेलं निघालं, तर ते सगळं या दोन वर्षांत वाढलेलं नसणार. शाळकरी पोरही बोट ठेवून विचारेल, मग तेव्हा कसं दिसलं नाही? सोनोग्राफीत मात्र वरवरची सूज दिसते, मी सुई घालते, दुखणं दबतं, आणि माझा तो कागद त्यांच्या कपाटात सुखाने पडून राहतो. आणि मुलगी पंधरा दिवसांनी त्या घोडीवर बसून उडी मारते.

संध्याकाळी मी जुन्या फिल्म काढून बघत बसले. नवरा चहा घेऊन आला, खांद्यावरून डोकावला. तो पुलांचे आराखडे काढतो, त्याला घोड्यातलं काही कळत नाही आणि त्याचा तो आनंदही मानतो. "हा फोटो अर्धाच आहे की," तो म्हणाला. एका नजरेत. मी त्याला सगळं सांगितलं. तो कप हातात धरूनच म्हणाला, "अगं, कुणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. इंजेक्शन दे, बरी झाली तर झाली." मी म्हटलं, "आणि नाही झाली तर? उडी मारताना मागचे पाय गेले तर?" "मग तिला सांग, बसू नकोस." "कुठल्या कारणाने सांगू? सुई देऊन बरी केली आणि बसू नकोस?" "तू तुझ्या पुलांत एखादा खांब न बघता बघितला असं लिहिशील?" मी विचारलं. त्याने कप खाली ठेवला. "लिहिलंय," तो म्हणाला. "एकदा. तो पूल अजून उभा आहे. पण त्याच्यावरून मी जात नाही, लांबच्या रस्त्याने जातो." वीस वर्षं मी त्या लांबच्या रस्त्याला त्याचा विक्षिप्तपणा समजत होते, चारचौघांत त्यावरून त्याची थट्टाही केली होती. इकडे आड तिकडे विहीर असं म्हणतात, पण निदान त्या दोन्हींच्या मध्ये उभं राहायला जागा तरी असते. मला बसल्या खुर्चीत श्वास पुरत नव्हता. मी उठून खिडकी उघडली, ती आधीच उघडी होती.

मी पाच वर्षांची असताना जिन्याच्या कठड्यात डोकं अडकवून घेतलं होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी नवं कपाट आणत होतं, ते बघायला दोन गजांच्या मधून डोकं घातलं, आणि कपाट आत गेल्यावर डोकं काही बाहेर येईना. मी ओढलं. कान दुखले. मी रडले, रडल्याने चेहरा सुजला, आणि मग तर काही सोयच राहिली नाही. सगळा जिना गोळा झाला. मावशी म्हणाली तेल लावा. शेजारचे काका म्हणाले गज कापावा लागेल, आणि करवत आणायला गेलेसुद्धा. कुणीतरी माझे पाय धरून ओढून पाहिलं. सगळे माझ्याबद्दल बोलत होते आणि मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. त्यातल्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, ती बाबांची. बाबा जिन्यावर माझ्यासमोर उकिडवे बसले, म्हणजे त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. ते म्हणाले, "ओढू नकोस. आधी थोडी पुढे ये." पुढे म्हणजे अजून आत! मी भोकाड पसरलं. "पुढे ये, मग डोकं वाकडं कर, घातलंस तेव्हा केलं होतंस तसं. जशी आत गेलीस तशीच बाहेर येशील, दुसरा रस्ता नाही." मी पुढे झाले, डोकं वाकडं केलं, आणि एक कान खरचटून बाहेर आले. काका करवत घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका हिरमुसला होता की घरात वर्षभर त्यावर हसत होते. पण त्या पुढे येण्याच्या क्षणाची भीती माझ्या अंगात अजून आहे. लिफ्टचं दार बंद होताना ती येते. गळाबंद स्वेटर डोक्यातून काढताना येते. त्या दिवशी ती फिल्म हातात धरून बसले असताना आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनोग्राफीचं यंत्र घेऊन तबेल्यात गेले. हो, घेऊनच गेले. माणूस काही एका आठवणीने सुधारत नाही. काजळी खाणं खात होती, आणि तिची गव्हाण माझ्या छातीएवढ्या उंचीला होती. बाकीच्या घोड्यांच्या गव्हाणी जमिनीलगत. मी बघत राहिले. गव्हाणीखाली विटांचे थर होते. "नाना, हे कधी केलं?" "झाले की चार महिने," नाना म्हणाले. "खाली मान घालून खाताना पाय फाकवायची, मध्येच थांबायची. म्हटलं मलाही हल्ली वाकवत नाही, हिला तरी का त्रास. आधी दोन विटा ठेवल्या, मग चार, मग सहा." "मला सांगितलं का नाहीत?" नाना माझ्याकडे बघत राहिले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला, डॉक्टरीणबाई? दर महिन्याला येता तुम्ही. विटा तुमच्या डोळ्यांसमोर होत्या. मला वाटलं, बघून पसंत केल्या असतील." काजळीची मान खाली जात नव्हती, आणि नानांच्या मायेने ती खाली जायची गरजच उरली नव्हती. त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. मी त्या विटांना दर महिन्याला टेकून उभी राहत होते. एकदा तर त्यांच्यावर पिशवीही ठेवली होती.

डॉक्टरसाहेब आणि मुलगी आली. मुलीने गुडघ्यापर्यंतचे बूट घातले होते, आशेने घातले असणार. मी यंत्राची पेटी उघडली, पडद्याची वायर सोडवली, आणि ती परत गुंडाळली. "सोनोग्राफी नको," मी म्हटलं. "एक्स-रे काढायचा. इथे नाही, मोठ्या इस्पितळात, तिथलं मशीन खांद्यातून आरपार जातं." डॉक्टरसाहेब म्हणाले, "काल तर तुम्ही म्हणालात, त्याने कळणार नाही." पुढे ये, मी स्वतःला म्हटलं. "काल मी माझ्यासाठी बोलले. दोन वर्षांपूर्वी काजळी घेतलीत तेव्हा सातव्या मणक्याची फिल्म आलीच नव्हती. तीनदा काढली, नाही आली. मी सर्व असं लिहून दिलं. आता काढली तर ते उघडं पडेल, म्हणून मला नको होती." एवढं बोलायला अर्धं मिनिटही लागलं नाही. नाना खाली विटांकडे बघायला लागले. डॉक्टरसाहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "आमच्याकडे फिल्म कापली गेली तर पेशंटला परत बसवतो," ते म्हणाले. "दात एक असला तरी." "हो," मी म्हटलं. "माझी पोर बसत होती तिच्यावर," ते म्हणाले. "हो." "नुसतं हो काय म्हणता?" ते ओरडले, आणि काजळीने कान मागे टाकले. मग त्यांचा आवाज खाली आला. "मी तो कागद वाचलासुद्धा नाही. खाली तुमची सही बघितली आणि घडी घातली." मुलीने बूट काढले, नानांच्या चपला पायात घातल्या आणि काजळीला गाडीत चढवायला घेऊन गेली.

इस्पितळातल्या त्या खोलीत खिडकी नाही. जाड दार बंद झालं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. गुंगीच्या औषधाने काजळी उभ्या उभ्या पेंगुळली, तिचं जड डोकं आम्ही एका स्टँडवर टेकवलं, आणि मी शिशाचा एप्रन घालून दोरी धरून उभी राहिले. तो एप्रन खांद्यावर इतका ओढतो की माणूस आपोआप वाकतो. बाकीचे, नानासुद्धा, काचेपलीकडे होते. यंत्राचा आवाज झाला, आणि पडद्यावर मान उमटली. डॉक्टरसाहेब काचेपलीकडून आत आले आणि पडद्यावर बोट ठेवून मोजू लागले, दात मोजतात तसे, मनाशी पण ओठ हलवत. सहावा. सातवा. तिथे बोट थांबलं. सांध्याचं हाड बोरासारखं असायला हवं ते मुठीएवढं झालं होतं, कडा गुळगुळीत, जुन्या. विचारायची गरज नव्हती तरी त्यांनी विचारलं, "आपण घेतली तेव्हा होतं?" "एवढं नसेल. पण होतं." ते म्हणाले, "मग आता ते मोठं मशीन? सीटी?" मी म्हटलं, "नको. नस किती दबलीय ते त्यात जास्त कळेल. पण हिच्यावर आता कुणी बसायचं नाही, हे एवढ्यावरूनही ठरतं. मग भूल देऊन तिला त्या खोलीत पाडायचं कशाला?" सूर कालचाच होता. मला तो ऐकू आला आणि त्यांनाही आला. ते माझ्याकडे वळले. "हे घोडीसाठी सांगताय, की परत स्वतःसाठी?" याची शपथ घेता येत नाही. मी म्हटलं, "दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. नाव मी देते. माझ्याशी ज्याचं पटत नाही अशाचं देते." त्यांनी खिशातून पेन काढलं.

मुलगी वडिलांमागून आत येऊन, दुसरी दोरी धरून काजळीच्या पोटापाशी उभी होती. ती पडद्याजवळ आली, बघत राहिली. मग तिने विचारलं, मला नाही, कुणालाच नाही, "म्हणजे दुखत असताना ती मला घेऊन उड्या मारत होती?" खोलीत यंत्राचा पंखा फिरत होता. "हो बाळा," मी म्हटलं. दुसरं कुणी म्हणावं असं मला वाटत होतं, पण ते मलाच म्हणायचं होतं. ती रडली नाही. तिने हातातली दुसरी दोरी माझ्या हातात दिली, "धरा, मी तोंड धुऊन येते," म्हणाली, आणि गेली. डॉक्टरसाहेब तिच्यामागे गेले. यंत्रवाला बाजूच्या खोलीत फिल्म साठवत होता. काजळी गुंगीत एक पाऊल पुढे सरकली, तिचं डोकं स्टँडवरून घसरलं आणि माझ्या खांद्यावर आलं. सगळंच्या सगळं. हनुवटी पाठीवर, गाल माझ्या कानाला लागून, आणि वरून शिशाचा तो एप्रन. मान वळवायला जागा नव्हती. तिचा श्वास गरम होता आणि फार सावकाश येत होता. दार ढकलून नाना डोकावले. "डॉक्टरीणबाई, स्टँड सरकवू का? वजन फार आहे तिचं." मी दोऱ्यांवरचा एक हात सोडला आणि नको अशी खूण केली. नाना दारातच थांबले. मी पाय थोडे फाकवले, काजळी खाताना फाकवायची तसे, आणि मुलगी परत येईपर्यंत तशीच उभी राहिले.